बाथरूममधला दांडा

हे बायकोला ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही बाबांना ओळखत नाही — आणि कधी ओळखाल असंही नाही.

बाबांची हयात पिंपरीच्या एका कारखान्यात गेली, टूलरूममध्ये. आमच्याकडे परदेशात, मनुरेवा गावी आले तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा जपून काय आणलं होतं? फडक्यात गुंडाळलेली ड्रिल बिटं, भोकं पाडायची. लाकडासाठी वेगळी, लोखंडासाठी वेगळी. मला हसू आलं. इथे काय बिटं मिळत नाहीत?

त्यांना धरायला म्हणून बाथरूममध्ये स्टीलचा दांडा बसवायचा होता. दुकानात मी सोनेरी मुलाम्याच्या बिटांचा स्वस्तातला सेट उचलला. बाबा म्हणाले, "रंगावर जाऊ नकोस रे. बुडाशी काय कोरलंय ते वाच. काचेवर घरंगळवून बघ, वाकडं असलं तर डुगडुगतं." काउंटरवरची बाई आमच्याकडे बघत होती. मला लाज वाटली — बापाची. सेट घेतला.

वर शहाणपणा असा, की त्यातल्या लाकडाच्या बिटाने आधी फाटकाच्या लोखंडी पट्टीला भोक पाडलं. बाबा नको म्हणाले, म्हणूनच बहुधा. टोक जळून काळं पडलं. मग तेच बिट भिंतीला. घर जुनं, आतली चौकट रिमूची — इथलं जुनं लाकूड, वाळून दगड झालेलं. धूर निघाला, बिट पुढे सरकेना. बाबा बाहेर डेकवर बसले होते. त्यांची बिटं मागायला चार पावलं जायचं होतं. गेलो का? नाही गेलो. आखूड स्क्रू लावले, वर टोपणं बसवली आणि हाक मारली. त्यांनी दांडा हळूच ओढून पाहिला. छान झालंय, म्हणाले.

नवव्या दिवशी दांडा भिंतीतून उखडून आला. घरात आम्ही दोघंच. बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, डोकं आपटून शुद्ध गेली. शुद्धीवर आल्यावर विचारलं त्यांनी, काय झालं रे?

दांडा — दांडा मी तोवर टॉवेलखाली सरकवला होता.

मी म्हटलं, "तुमचा हात सुटला, बाबा."

ते हॉस्पिटलमध्ये असताना मी त्यांच्या फडक्यातलं बिट काढलं. रिमूत ते सरळ आत गेलं. लांब स्क्रू लावून दांडा पक्का बसवला, खाली सांडलेला भुसाही पुसला. किती शांतपणे केलं मी हे सगळं! आठवलं की स्वतःची किळस येते.

बाबा पुण्याला परत गेले ते वॉकर घेऊन. पायाचं दुःख ते सोसतात. पण हातांवरचा त्यांचा विश्वास उडाला — त्या हातांवरचा. साधा बल्ब बदलायलाही आता शेजाऱ्यांना बोलावतात. आणि दर रविवारी फोनवर माफी मागतात. मला नीट धरता आलं नाही रे, माझ्यापायी तुमचे हाल झाले.

काल रविवार होता. मी म्हटलं, "जाऊ द्या हो बाबा. मी कुठे मनावर घेतलंय?"