झुंबरबाईचं थरथर मशीन

"बोलत ऱ्हाय, आजून खोल शे."

हे वाक्य झुंबरबाई दिवसातून किती वेळा म्हणायची, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोंडाईच्याला मिरची वाळवायच्या पथारीवर बाया दिवसभर वाकून देठ खुडतात आणि संध्याकाळी लाकूड झालेली पाठ घेऊन तिच्या ओसरीवर येतात. बाई पालथी झोपली की झुंबरबाई इस्त्रीएवढं थरथरणारं मशीन तिच्या पाठीवर ठेवायची आणि तिला बोलायला लावायची. सासूबद्दल बोल, माहेराबद्दल बोल, पण बोल. थरथर कातडीवरच फिरत असली तर आवाज सरळ येतो. मणक्यालगतच्या आतल्या स्नायूंपर्यंत पोचली की तो बकरीसारखा हलतो, तोवर दुखणं अजून खोल आहे, असं तिचं म्हणणं. मग बाकीच्या बाया हसायच्या, बकरी बोलनी म्हणायच्या.

ती स्वतः मात्र कधी टेकली नाही. भाकर उभ्यानं, चहा फिरत. तरुणपणी तिनंही देठच खुडले होते, आणि आता बसणं तिला शिक्षेसारखं वाटायचं.

सून रूपा लग्नाआधी धुळ्याला, देवपुरातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस होती. गेल्या उन्हाळ्यात ओसरी भरलेली असताना ती बोलून गेली, की आत्याबाई, मशीन हाडावर नका ठेवू, बाजूच्या मांसावर ठेवा. सांगणं खरं होतं, पण ऐकायला अर्धी गल्ली होती. झुंबरबाई सुनेशी बोलायची थांबली. मशीन पेटीत गेलं, किल्ली कमरेला. काही हवं असलं तर मुलाला, दीपकला सांगायची. तो टेम्पो घेऊन गेलेला असला तर भिंतीला.

यंदा हंगाम भरात आला आणि हंडा उचलताना तिचीच पाठ धरली. धुळ्याच्या डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे काढला. हाडं ठीक होती, आतले स्नायू आवळले होते. शेक द्या, मशीन हलक्या हातानं चालेल, पण लवकर चालायला लागा, पडून राहिलात तर पाय साथ सोडतील, असं त्यांनी बजावलं.

पडून राहणं, आणि तेही झुंबरबाईनं. ती खाटेवरून चपला कुठे आहेत ते विचारायची. पंख्याकडे बघत खाटेच्या नवारीचे धागे खुडायची. पथारीवरून बायांचा आवाज आला की मान वळायची, पाठ वळायची नाही. दीपकनं दोनदा किल्ली मागितली. मनी पाठले कोनी हात लावू नका, एवढंच तिचं उत्तर.

मग एका दुपारी ती न्हाणीपर्यंत जायला उठली आणि खाटेच्या पायाशीच खाली बसली. रूपानं तिला उचललं. तेव्हा झुंबरबाईनं किल्ली कमरेची काढली आणि उशीवर ठेवली.

रूपानं मशीन लावलं. घरघर सुरू झाली. म्हातारी तोंड मिटून पडून होती. रूपानं बटण बंद केलं.

"बोला, आत्याबाई. नाहीतर मला कळायचं कसं?"

रूपा बटणावर बोट ठेवून थांबली.

शेवटी झुंबरबाई बोलली, तशी घरघर पुन्हा सुरू झाली. सुनेचा चहा म्हणजे भांड्यांचं धुवण, भाकरीच्या कडा जाड, उठायला उशीर. वर्षभराचं साठलेलं होतं, आणि सगळं अगदी सरळ आवाजात येत होतं.

"आजून खोल शे," रूपा म्हणाली आणि मशीन बोटभर बाजूला सरकवलं.

"तू तव्हय बठ्ठ्या बायास्ना समोर..." सगळ्या बायांसमोर, असं म्हणताना झुंबरबाईचा आवाज एकदम हलला. "घरमा... सांगती तं... मी ऐकती."

इतका जुना राग, आणि बाहेर आला तो असा बें-बें करत. रूपाला हसू आवरेना.

"हा-हा-हासू नको," म्हातारी म्हणाली, आणि तेही तसंच. मग थोड्या वेळानं, "डावीकडे घे."

रोज दुपारी तेच चाललं. एका संध्याकाळी झुंबरबाईनं चपला घातल्या आणि उद्यापासून ओसरीवर या, असा बायांना निरोप द्यायला पथारीकडे निघाली. मशीन खाटेवरच राहिलं, पेटीला कुलूप नव्हतं.

ती भिंत न धरता चालत होती, पण सगळा भार उजव्या पायावर टाकत होती. दारात रूपा उभी होती, मशीन उचलून त्याची वायर हाताला गुंडाळत. तिला ओरडून सांगायचं होतं, दोन्ही पायांवर भार द्या. गल्लीत ओट्याओट्यावर बाया बसल्या होत्या. रूपानं तोंड मिटलं आणि सासू कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली.