दोन कॉटमधली जागा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लोखंडी कॉटनी भरलेला टेम्पो कॉलेजच्या मागच्या फाटकाशी लागला, तेव्हा जयसिंग भोगे साखळी सोडून उभा होता. अंगात एजन्सीचा निळा शर्ट, खिशावर शिवलेलं 'सुरक्षा', कमरेला चाव्यांचा जुडगा. त्याने ड्रायव्हरला टेम्पो उलटा घ्यायला लावला, कारण ब्लॉक दोनसमोरच्या जांभळापाशी मोठी गाडी सरळ वळत नाही. मग शर्टाच्या बाह्या दुमडून तो स्वतःच कॉटच्या एका टोकाला लागला. ओझी उचलणं त्याच्या कामात बसत नाही. पण हमाल दोनच आले होते.

पहिली कॉट तळमजल्यावरच्या अठरा नंबरच्या खोलीत गेली. गेली चौदा वर्षं जयसिंग बहुतेक रात्री त्या खोलीत झोपला आहे. त्यातली पहिली दोनच वर्षं कॉलेजला माहीत आहेत.

पुण्याच्या या निवासी महाविद्यालयाचे चारही ब्लॉक स्वातंत्र्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत उभे राहिले. काळ्या दगडाच्या भिंती, लांब व्हरांडे, व्हरांड्यांना सिमेंटची जाळी, प्रत्येक मजल्याच्या टोकाला न्हाणीघरं. खोली दोघांची. दोन कॉट, दोन टेबलं, भिंतीत दोन कपाटं, वर एक पंखा. नकाशा काढणाऱ्याने दोन कॉटच्या मधे बरीच ऐसपैस जागा सोडली होती. दोन तरुण समोरासमोर बसून रात्र रात्र वाद घालतील, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. मुलांनी त्या जागेत तिसरा माणूस झोपवला.

या तिसऱ्या माणसाला पुण्याच्या होस्टेलांत पॅरासाइट म्हणतात. ती शिवी नाही, पद आहे. "हा माझा रूममेट, आणि हे आमचे पॅरासाइट," अशी पाहुण्यांना ओळख करून दिली जाते. अभ्यासक्रम संपला, प्रवेश संपला, पण स्पर्धा परीक्षा संपली नाही, असा हा माणूस. उजाडायच्या आत त्याने गादी गुंडाळून कॉटखाली सरकवायची आणि टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडायचं. व्हरांड्यात खांद्यावर टॉवेल असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

जयसिंग करमाळा तालुक्यातल्या एका गावातून एम.ए. करायला आला. वडील शिवणकाम करायचे. तो आला त्याच वर्षी गेले. आई मथुराबाईने मशीन विकलं नाही, पोरगा साहेब झाल्यावर त्याचा पहिला कोट त्यावरच शिवून घ्यायचा म्हणून. राज्यशास्त्रात त्याला बरे गुण मिळाले. दोन वर्षांनी अठरा नंबरची कॉट दुसऱ्याला मिळाली आणि जयसिंग कॉटवरून खाली, मधल्या जागेत आला. पूर्व परीक्षा तो बऱ्याचदा पास झाला, मुख्य परीक्षा एकदाच, आणि त्या वेळी मुलाखतीपर्यंत पोचला. मुलाखतीत त्याला त्याच्याच तालुक्याबद्दल एक साधा प्रश्न विचारला होता. उत्तर येत होतं. तो आधी सर्व बाजूंचा विचार करत बसला आणि वेळ संपली.

कोरोनात होस्टेल रिकामं केलं गेलं. यजमान गेले की पॅरासाइट उरत नाही. पण रिकाम्या इमारतींवर राहायला एजन्सीला माणूस हवा होता आणि त्या दिवसांत तसा माणूस मिळत नव्हता. जयसिंगने निळा शर्ट घातला तो चार महिन्यांसाठी. मुलं परत आली, शर्ट उतरला नाही. दिवसा फाटक, रात्री अभ्यास, आणि झोप पुन्हा दोन कॉटच्या मधे. एजन्सी राहायला खोली देत नाही. तिच्या पगारात शनिवार पेठेतल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीतली भाड्याची कॉट आणि दोन वेळचं जेवण एकत्र बसत नाही.

त्याच्या कामात पॅरासाइट पकडणंही होतं. ते तो असं करायचा: जिना चढण्याआधी हातातली काठी व्हरांड्याच्या जाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडखड ओढायची, मग सावकाश वर जायचं. तोवर न्हाणीघरासमोर खांद्यावर टॉवेल घेतलेल्यांची रांग लागलेली असे. "कुणी आढळलं नाही," असं तो रोज ऑफिसात सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

वयाची मर्यादा गेल्या वर्षी उलटली. त्या दिवशी त्याने पुस्तकं मुलांत वाटून टाकली. राज्यघटनेवरचं एक जाड पुस्तक कुणी घेतलं नाही, कारण त्याची शिवण सुटली होती. ते मेसच्या माळ्यावर पडून राहिलं.

तिसऱ्या कॉटची गोष्ट मे महिन्यात सुरू झाली. मुलं गावी गेली होती. रेक्टर माधव केतकर खोल्यांची पाहणी करत होते. केतकर भूगोल शिकवतात, शनिवार पेठेतून स्कूटरवर येतात आणि शिपायालाही 'आपण' म्हणतात. त्यांच्याकडे प्रवेश न मिळालेल्या मुलांची मोठी प्रतीक्षा यादी होती आणि नवा ब्लॉक बांधण्याची परवानगी नव्हती. जयसिंग कुलपं उघडत त्यांच्यासोबत फिरत होता. अठरा नंबरमध्ये केतकर दोन कॉटच्या मधे उभे राहिले.

"इथे तिसरी कॉट बसेल का हो?"

"बसते की, सर," जयसिंग लगेच म्हणाला. "टेबलं खिडकीखाली घ्यायची. फक्त डोकं खिडकीकडे करायचं. दाराकडे केलं तर पहाटे कुणी बाहेर निघालं की दार लागतं."

"कुणाला लागतं?"

"म्हणजे… लागेल."

केतकरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "आपला या विषयाचा अभ्यास दांडगा दिसतो. आयोगाने हा पेपर ठेवायला हवा होता."

मुलाखतीत जे जमलं नव्हतं ते जयसिंगला इथे जमलं होतं. नेमकं, मुद्देसूद आणि एका दमात. जूनमध्ये निर्णय झाला: सर्व खोल्या तिघांच्या. निर्णय चुकीचा होता असं म्हणता येत नाही. लातूर, बीड, धुळ्याच्या मुलांना त्यामुळे जागा मिळाली.

साडेनऊपर्यंत ब्लॉक दोनचा तळमजला संपला. अठरा नंबरची मुलं, संभाजी आणि श्याम, दारात उभं राहून दात घासत होती. दोघं एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. गेलं वर्षभर त्यांनी जयसिंगला मधली जागा दिली आणि बदल्यात त्याने त्यांची पार्सलं घेतली, रात्री उशिरा आल्यावर मागचं फाटक उघडून दिलं.

"जयसिंगदादा, तुमची जागा ऑफिशियल झाली राव," संभाजी म्हणाला. "काँग्रॅट्स."

"फक्त त्यात तुम्ही नाही," श्याम म्हणाला. "टेक्निकल इश्यू आहे."

जयसिंग हसला. मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि जमिनीवर आडवा होऊन नव्या कॉटखाली सरकायला लागला. कॉटच्या बरोबर मध्यावर खालून एक आडवी पट्टी होती. ती छातीला लागली. तो कुशीवर वळला, तर खांदा अडला. संभाजीने फोटो काढायला मोबाइल वर केला आणि तसाच खिशात टाकला.

"जुन्या कॉटखाली बघा ना."

"तिथं ट्रंका हायेत तुमच्या," जयसिंग खालून म्हणाला. एरवी तो 'आहेत' म्हणतो.

"आम्ही शेजारच्या रूममध्ये विचारू का? तुम्हाला चालेल तिकडे?"

"शेजारी पण आत्ता मीच टाकून आलो ना कॉट."

तिसरा मुलगा अकराला आला, लातूरचा, आईबरोबर. आईने नवी चादर अंथरली, उशीखाली एक कडुनिंबाचा डहाळा ठेवला आणि बाहेर येऊन जयसिंगला विचारलं, "दादा, लेकराला रात्री काही लागलं तर तुम्ही इथंच असता नव्हं?"

"असतो," जयसिंग म्हणाला.

दुपारी मेसमध्ये मुक्ताबाई पोळ्या भाजत होत्या. त्यांच्या सासऱ्याचं हरभऱ्याचं रान सरकारने घेतलं आणि त्यावर ब्लॉक दोन उभा राहिला. मुक्ताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा रान गेलेलं होतं. त्यांनी ते पाहिलंच नाही. वीस वर्षांपासून त्या इथे पोळ्या करतात.

"माझ्या सासऱ्याच्या वावरात झोपतुयास इतकी वर्सं," त्या म्हणाल्या. "कधी भाडं मागितलं का म्या?"

"मागा की आता."

"आता कशाचं मागू? आता तू न्हाईस तिथं." त्यांनी पोळी त्याच्या ताटात टाकली. "मेसमधी झोप म्हनले असते, पर ठेकेदार रातच्याला कुलूप लावून चावी घरी नेतो. गावाला जा की. आई हाय ना?"

"आहे."

"मग?"

"साहेब म्हणून जायचं ठरलं होतं. आता काय म्हणून जाऊ?"

मुक्ताबाईंनी पुढची पोळी तव्यावर टाकली. "खा. गार झाली," त्या म्हणाल्या.

आईचा फोन तीनला आला. ती रोज याच वेळी करते, कारण तेव्हा शेजारची मुलगी नंबर लावून द्यायला घरी असते. कॉलेजने आपल्याला खोली दिली आहे, असं जयसिंगने तिला पूर्वीच सांगितलं होतं.

"डोळ्याचं आपरेशन शालू पुन्यातच करू म्हनतीया," मथुराबाई म्हणाली. शालू ही जयसिंगची बहीण. "दिवाळी झाली की येते. तुझ्या खोलीवरच ऱ्हाईन आठ-धा दिस. खोलीत उजेड हाय का रं?"

"आहे. मोठी खिडकी आहे."

"मग बास झालं."

चारला केतकरांनी बोलावलं. ते स्कूटरची किल्ली हातात घेऊन ऑफिसच्या पायरीवर उभे होते.

"भोगे, उद्यापासून पहाटे साडेपाचला खोल्यांची तपासणी. तिघांच्या खोलीत चौथा नको, दिवसाही नको. पंखा एकच आहे आणि न्हाणीघरं तेवढीच. आणि ती काठी जाळीवर वाजवायची पद्धत बंद करा. मी इतकी वर्षं ऐकतोय, मला वाटलं आपल्याला संगीताची आवड असेल."

"हो, सर."

"तपासणी आपणच करायची. जागा आपल्याला पाठ आहेत." केतकर एक पायरी उतरले आणि थांबले. "आपली स्वतःची व्यवस्था काय आहे?"

"आहे, सर."

"नक्की? नसेल तर सांगा. एखादा शब्द टाकता येईल कुठे."

जयसिंगने चाव्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. मुलाखतीतही असंच झालं होतं. उत्तर येत होतं.

"आहे, सर. नक्की."

केतकरांनी मान हलवली आणि स्कूटर सुरू केली. फाटक जयसिंगनेच उघडलं.

पाचला त्याने एजन्सीच्या सुपरवायझरला फोन लावला आणि रात्रपाळी मागितली. सुपरवायझरला आधी चेष्टा वाटली. रात्रपाळीला माणूस टिकत नाही. आधीचा दोन दिवसांपूर्वीच काम सोडून गेला होता.

"कायमची रात्र? बघ हं. लग्न-बिग्न?"

"नाही."

"मग काय प्रश्नच नाही. आजपासूनच कर."

"आज सकाळपासून ड्यूटीवर आहे."

"अरे, बसायचंच तर आहे फाटकावर. खुर्ची आहे ना?"

खुर्ची आहे. पत्र्याच्या केबिनमध्ये तेवढीच मावते. रात्री जागणाऱ्या माणसाला रात्री झोपायला जागा लागत नाही, हा हिशेब जयसिंगने सुपरवायझरला सांगितला नाही. उरला दिवस. दिवसा होस्टेलच्या खोल्यांत जायला त्याला आता मनाई आहे आणि ती मनाई त्यानेच अंमलात आणायची आहे. व्हरांडे, न्हाणीघरं, गच्ची, सगळं तपासणीत येतं. तपासणीत न येणारी एकच जागा आवारात आहे: मुख्य इमारतीतली अभ्यासिका.

उंच खिडक्यांचं दालन, लांब टेबलं, लाकडी खुर्च्या. माजी विद्यार्थ्यांना तिथे बसायला आजही परवानगी आहे. दाराशी पाटी आहे: 'टेबलावर डोके टेकवून झोपू नये.' झोपलेल्या मुलाच्या कोपराशी काठीने हलकेच टकटक करून त्याला उठवणं हे आजवर जयसिंगचं काम होतं. दिवसपाळीला दुसरा माणूस उद्या रुजू होणार आहे, मच्छिंद्र नावाचा, बिबवेवाडीहून. तो नियमाचा पक्का आहे असं सुपरवायझर म्हणाला.

सहाला, पाळी संपून पाळी सुरू होण्याच्या मधे, जयसिंग मेसमध्ये गेला आणि मुक्ताबाईंकडून स्टूल मागून घेतलं. माळ्यावरून त्याने राज्यघटनेवरचं ते जाड पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि सुटलेली पानं आत सारून सुतळीने बांधलं.

"पुन्हा परीक्षा?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"नाही. अभ्यासिकेत समोर पुस्तक नसेल तर बसू देत नाहीत."

रात्रपाळी सकाळी सहाला सुटते. अभ्यासिका आठला उघडते.