आतून कडी असलेली खोली

आमच्या मधुचंद्राच्या सामानात कपड्यांची एक पेटी, एक वळकटी, गंगेच्या पाण्याचे एकोणीस गडू आणि एक आत्या एवढंच होतं.

याचं सगळं श्रेय माझ्या हुशारीला जातं. मी तेव्हा रोहण्याच्या शाळेत भूगोल शिकवत असे. बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचं, आणि स्वतः मात्र नदीच्या पुराहून मोठं पाणी पाहिलेलं नाही! लग्न झालं एकोणऐंशीच्या वैशाखात. घरात माणसं सतरा, खोल्या पाच, आणि आतून कडी एकाही दाराला नाही. आमची खोली चारही बाजूंनी नातेवाइकांनी वेढलेली. सुमनशी दोन वाक्यं बोलावीत, तर तिसरं भिंतीपलीकडून कुणीतरी पूर्ण करायचं.

एकदा गोठ्यामागे, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाआड, आम्हाला चक्क दोन मिनिटं एकांत मिळाला. मी घाईघाईने विचारलं, "शाळेले सुट्ट्या हायेत. कुठं जायचं आपन?"

सुमन आष्टीची. मोजकं बोलणारी. म्हणाली, "कुठंबी चला. पन दाराले आतून कडी पायजे."

तेवढ्यात म्हशीसाठी कुणीतरी आलं आणि एकांत संपला.

मी मनात बेट पक्कं केलं आणि बाबांकडे अंदमानचा विषय काढला.

"अंदमानले?" बाबा सुपारी कातरायचे थांबले. "काऊन? कोनाचा मुडदा पाडला तुनं?"

"बाबा, तिथं आता लोकं फिराले जातात."

"काळ्या पान्यावर? अन् नव्या नवरीले घेऊन? लोकं तिथून सुटाले धडपडत होते, अन् हा चालला सोताच्या पायानं!"

मग मला ती थोर कल्पना सुचली. रामेश्वर! रामेश्वर हे बेट आहे, हे भूगोलाच्या मास्तराला ठाऊक. ते देवस्थान आहे, हे बाबांना ठाऊक. बाबा लगेच हो म्हणाले. मी स्वतःवर इतका खूश झालो, की त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण हे आत्याच्या कानावर गेलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची, आणि देवघरापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं तिच्या हुकमाने चालायचं.

"रामेश्वराले चालला? अन् गंगा नाई नेत?"

काशीला गेलेला माणूस गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत भरून, गडूचं तोंड झाळून बंद करून आणतो. ते रामेश्वराच्या पिंडीवर घातलं म्हणजे यात्रा पुरी होते. आमच्या भागातल्या घराघरांत असे गडू देवापुढे बसून असत, रामेश्वरला जाणाऱ्या माणसाची वाट बघत. गावातून तसा माणूस बऱ्याच वर्षांत निघाला नव्हता. निघाला तो मी! संध्याकाळपासून गडू यायला लागले. जो तो हळद-कुंकू लावून गडू ठेवायचा, माझ्या पाया पडायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, आमच्या म्हातारीचं तेवढं काम करून येजा!" कुणाचं लग्न नुकतंच झालंय, हे सगळा गाव विसरून गेला.

"एवढी गंगा या दोघांच्या भरोशावर सोडू काय मी?" आत्या म्हणाली. "मीबी येते."

आता राहिलं हॉटेल. ते निवडायची सभा शेठजींच्या कापड दुकानाच्या ओट्यावर भरली, कारण गावात रामेश्वर पाहिलेले तेवढे एकटेच होते. बाबांना देवळाशेजारची धर्मशाळा हवी होती. (तिथे पुरुष एका दालनात, बायका दुसऱ्या!) आत्याला गुडघ्यांमुळे खालचा मजला हवा. मला समुद्राकडे खिडकी. आणि सुमनची अट? ती चारचौघांत बोलायची कशी?

"शेठजी," मी घसा साफ केला, "चोरीबिरीचं कसं आहे तिकडं? म्हंजे... दाराबिराचं?"

शेठजी जातील तिथे आधी कुलूप-कडी बघत. "समुद्रावर एक लॉज हाय," ते म्हणाले. "तिथल्या खोलीले आतून अशी कडी हाय!" आणि त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला. "अख्ख्या जिल्ह्यात नाई असी कडी!"

"ठरलं!" मी इतक्या जोरात ओरडलो, की बाबांनी चमकून पाहिलं. तिथली एक खोली शेठजींनी ओळखीने तारेने ठरवून दिली. आत्या धर्मशाळेत बायकांच्या दालनात राहील, असा माझा हिशेब होता.

खोली उत्तम होती. खालचा मजला, गजांची खिडकी, खिडकीत निळाशार समुद्र. मी पेटी खाली ठेवून आधी दार लोटून कडी पाहिली. शेठजींनी जरासुद्धा वाढवून सांगितलं नव्हतं! सुमनने पदर तोंडाशी धरला. मला आभाळ ठेंगणं झालं.

"गडू त्या कोपऱ्यात मांड," आत्या मागून म्हणाली. "इथं गंगा राहीन, अन् मी. सोवळ्यात जोडपं झोपत नाई. तुमी धर्मशाळेत जा."

"आत्या, पन..."

"काय पन?"

आम्ही बाहेर आलो. आतून खाडकन आवाज झाला. आत्याने कडी लावली होती.

ती रात्र मी पुरुषांच्या दालनात काढली आणि सुमनने बायकांच्या. दुसऱ्या दिवशी अभिषेक झाला, गडू रिकामे झाले, माझ्या आशा पल्लवित झाल्या. आत्याने ते एकोणीस गडू देवळातल्या कुंडांच्या पाण्याने पुन्हा भरले! "गावाले तीर्थ नाई न्याचं?" पुन्हा सोवळं. पुन्हा खाडकन.

तिसरा दिवस शेवटचा, गाडी दुपारची. सकाळी आम्ही लॉजवर पोचलो, तर दार बंद आणि आतून आत्या ओरडते आहे, "बाप्पा रे! कडी अडकली!"

मी दाराला खांदा लावला. खांदा दुखावला. मॅनेजरकडून तेल आणून फटीतून सोडलं. ते माझ्याच सदऱ्यावर आलं. शेवटी खिडकीकडे धावलो. आत्या गजांपाशी निवांत माळ ओढत बसली होती.

"घाबरू नको आत्या! मी हाओ!"

"मी कुठं घाबरली? तू जा सुतार पाहाले. सुमनले घेऊन जा संग."

"तिले तुह्यापाशी ठेवतो."

"मले काई नाई होत! घेऊन जा म्हनते ना!"

सुमन म्हणाली, "नावा हायेत तिथं सुतार असंन." आणि सरळ समुद्राकडे चालू लागली. मी मागे. वाळूत तिने चपला हातात घेतल्या. तिथली भाषा येत नव्हती, म्हणून मी भेटेल त्याला हवेत हातोडा मारून दाखवत होतो. एका नाववाल्याला आम्हाला फिरायला जायचंय असं वाटलं. त्याने आम्हाला नावेत बसवलं आणि नाव लोटली! सुमन पाण्यात हात घालून हसत होती. लग्नानंतर पहिल्यांदा ती एवढं बोलली. शाळेचं, आईचं, आष्टीच्या बाजाराचं, आणि माझी मिशी तिला आवडते हेसुद्धा. तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. फार गोड दिसत होती. आणि मी? मी किनाऱ्याकडे बघून म्हणत होतो, "त्या लाल मुंडाशावाल्याच्या हातात करवत हाय काय गं?"

सुतार नाहीच मिळाला. तोंड पाडून परतलो, तर आत्या उघड्या दारात बसलेली.

"कडी?"

"उघडली. तुमी गेल्यावर."

मी भूगोलाबरोबर विज्ञानही शिकवायचो. उन्हाने लोखंड कसं प्रसरण पावतं, ते मी आत्याला आमचं पुलगाव स्टेशन येईपर्यंत समजावून सांगितलं. ती मान डोलवत होती. सुमन खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

पुढे बरीच वर्षं, रामेश्वरला निघालेल्या प्रत्येकाला मी बजावत असे, "लॉज चांगला, पण कडी खराब." एकदा आत्याने ते ऐकलं. तेव्हा ती पार थकली होती. तिने मला खाटेजवळ बोलावलं.

"काऊन बदनाम करून राह्यला त्या कडीले? अडकली नोती ते. दोन दिवस पोरीचं तोंड पाहून जीव तुटला माहा. गंगेले एकटं सोडता येत नोतं, मंग मीच बसली कोंडून. म्हनलं, जाईन आता बायकोले घेऊन. पन तू हलतच नोता दारातून!"

मी सुमनकडे पाहिलं. ती शांतपणे गहू निवडत होती.

"तुले मालूम होतं?"

"खिडकीत पाह्यलं तवाच समजलं," ती म्हणाली. "अडकलेलं मानूस माळ ओढत बसते काय?"

मी आत्याचे पाय धरले. दुसरं काय करणार? आता लग्नसराईत गावातली पोरं विचारायला येतात, "गुरुजी, फिराले जायचं हाय, हॉटेल कसं पाहाचं?" मी त्यांना सुमनकडे पाठवतो. त्या बेटावर मधुचंद्र कुठे झाला ते तिलाच माहीत आहे. मी तर तेव्हा सुतार शोधत होतो, आणि तोसुद्धा मला सापडला नव्हता!