शकूमावशीची फायबरची होडी

शकूमावशी बुडून मेली नाही.

आज सकाळी घरात, खाटेवर गेली.

हे मुद्दाम लिहितोय. नव्वदच्या दशकात अख्खी वस्ती म्हणायची, "ही त्या प्लास्टिकात बसून बुडणार!"

इंदापूरजवळ उजनीच्या पाण्यावर नवऱ्यामागं मासेमारी करणारी ही एकटी बाई. त्याची लाकडी होडी कुजली, तेव्हा तिनं फायबरची आणली.

मी तेव्हा बारामतीत फायबरचे कूलर बनवायचो. काचेच्या धाग्यांची मॅट, वर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस. मग ते सोडून भवानीनगरला ट्रॅक्टरवर होतो, तिथला चहा... जाऊ दे. फिरत फिरत मावशीकडं जेवायला थांबलो, तो राहिलोच.

नवऱ्यानं तिला शिकवलेलं, उन्हाळ्यात काम नसलं की होडी पाण्यात बुडवून ठेवायची. नाहीतर फळ्यांचे सांधे उघडतात.

मावशीनं फायबरलाही तेच केलं. दोन उन्हाळे, काठाच्या तापलेल्या पाण्यात.

तळाला फोड आले. पाय दिला की तळ दबायचा.

दीर आलाच. "वैनी, मोडीत घाला ती. जाळी माझ्याकडं द्या आन् घरी बसा."

"लाकूड कुजलं तवा लाकडाला कुणी नावं ठिवली व्हती का?"

दोष कशाचा ते बघायला मी होडीच्या कडेच्या दोन पट्ट्या कापल्या. एक चुलीवर दिवसभर उकळली. मावशी म्हणाली, "मीठ टाकू का?"

कोरडी पट्टी वाकवली, परत सरळ झाली.
उकळलेली पांढरी पडलेली. वाकवली तर थर सुटले.

मावशीनं सुटलेला थर हातात घेतला.
"म्हंजी म्याच शिजिवली व्हय हिला!"

होडी वर ओढली. बाभळीखाली पालथी घातली. खराब थर खरवडले, होडी पुरती सुकू दिली, मग नवी मॅट, नवं रेझिन.

पहिल्या दिवशी तिनं दिरालाच हाक मारली.
"बसा भावजी."
"मी कशाला?"
"बुडलो तर दोघं बुडू. न्हाय बुडलो, तर जाळ्याचं नाव काढायचं न्हाय."

बसला बिचारा. खोल पाण्यात मावशी उभी राहिली आणि तळावर धाडकन पाय आपटला.
दिराचे डोळे गच्च मिटलेले.

जाळ्याचा विषय परत कधी निघाला नाही.

उद्या राख त्याच होडीतून नेणार. मघाशी पाय आपटून बघितला. तळ कडक आहे.

म्हातारा दीर म्हणाला, "मी बी बसतो. ह्या बारीला डोळं उघडं ठिवून."

परत आलो की होडी वर ओढू, सावलीत पालथी घालू.

पाण्यात नाही ठेवणार, मावशी.
ये आता.