घरतपासणीचा पलंग

आमच्या वसईत घर बघायला पाहुणे येणार म्हटलं की शेजाऱ्यांचा सोफा आपल्याकडे येतो आणि पाहुणे गेले की परत जातो. यात कुणाला फसवणूक वाटत नाही. माझं लग्नही दुसऱ्याच्या शोकेससमोरच ठरलं. तेव्हा दत्तकासाठी आमचं घर तपासायला समाजसेविका इथे आखातात, सनद भागातल्या आमच्या फ्लॅटवर येणार म्हटल्यावर मी काय करणार, हे उघडच होतं.

मुलगी आठ वर्षांची, बायकोच्या धाकट्या बहिणीची. बहीण वारली, साडूने दुसरं लग्न केलं, नव्या घरात पोरीचं जमेना. आम्हाला मूल नाही. ती व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली होती आणि मावशीला चिकटून झोपत होती. कायमची ठेवायची तर दत्तकच घ्यायला हवं. म्हणजे बापाने आपला हक्क सोडायचा, समाजसेविकेने आमच्या घराचा अहवाल द्यायचा आणि मुलीनेही हो म्हणायचं. साडू तयार होता. मुलीचं आम्ही धरूनच चाललो होतो. राहिलं घर.

"तिची वेगळी खोली दाखवावी लागेल," मी म्हणालो.

"त्या खोलीत तुझी ट्रेडमिल आहे," बायको म्हणाली. "कपडे वाळत घालायची."

खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या चाचांचं सलमाबादला जुन्या फर्निचरचं गोदाम आहे. त्यांनी दुमजली पलंग, टेबल आणि माशांची टाकी धाडली. "मासे तेवढे मारू नका, बाकी तुमचंच समजा," म्हणाले. मी समजलो.

समाजसेविका बाई पुण्याकडच्या निघाल्या. पलंग बघून मान डोलावली. मुलगी आपली उशी घेऊन पलंगाच्या वरच्या मजल्यावर बसलेली. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात बेल वाजली. दारात चाचांची दोन माणसं.

"हमद टाउन की डिलिवरी है. पलंग लेने आए हैं."

"बाद में आना."

"गाडी नीचे खडी है, भाई. यल्ला, जल्दी."

बाईंनी पाय वर घेऊन त्यांना वाट दिली. मुलगी गुपचूप खाली उतरली आणि उशी पोटाशी धरून उभी राहिली. पलंग तुकड्यातुकड्याने जिन्याकडे गेला.

"पलंग कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"चाचांचा."

"टेबल?"

"चाचांचं. मासेपण."

"मुलगी तरी तुमची?"

"अजून नाही," बायको म्हणाली. "त्यासाठीच तुम्हाला बोलावलंय."

बाई मुलीशी स्वयंपाकघरात एकट्याच बोलल्या. बाहेर आल्या त्या माझ्याकडेच बघत. "वडिलांचा हक्क संपणार, हे तिला सांगितलंय?"

"सुट्टीला आलीयस, असं सांगितलंय."

"मग ती हो कशाला म्हणेल? पलंगाचं मी विसरते. हे तिला नीट सांगा. तोवर अहवाल नाही."

संध्याकाळी मी माशांपासून सुरुवात केली. मासेसुद्धा एका टाकीतून दुसरीत जातात वगैरे. बायकोने मला गप्प केलं आणि सरळ सांगितलं.

"पप्पा हो म्हणाले?" मुलीने विचारलं.

"हो."

"मग फोन करायचा नाही?"

"करायचा. रोज कर."

"पप्पाच म्हणायचं?"

"पप्पाच."

तिने टाकीच्या काचेवर बोट टेकवलं. "आणि नंतर तुम्हालापण मी नको झाले तर?"

"असं होणार नाही," मी म्हणालो. तिने पलंगाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पुरावा माझ्या विरुद्ध होता.

दुसऱ्या दिवशी सलमाबादला जाऊन मी तसाच पलंग विकत आणला. ट्रेडमिल चाचांनी फुकटसुद्धा घेतली नाही. ती आता हॉलमध्ये आहे.

बाई पुन्हा आल्या. मुलगी वरच्या मजल्यावरूनच बोलली, "राहीन मी. पण पलंग न्यायला कुणी आलं तर द्यायचा नाही, असं लिहा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"विकत घेतलाय," मी म्हणालो.

त्या जिना उतरल्या, चाचांना विचारून आल्या, मग लिहायला बसल्या.

कोर्टाचंही झालं. मुलगी आता आमची आहे आणि अजून मावशीजवळच झोपते. पलंगावर मी असतो, खालच्या बाजूला. वरच्या मजल्यावर मला परवानगी नाही.