मिठाचा आळ

बाबांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी बजावलं, "मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाही. सूज वर चढली तर जिवाला धोका आहे."

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. बाबांचं करायला मी सासरहून आले होते. मायला हे मीठ बंद करणं पटलंच नाही. आमच्याकडे अळणी जेवतात ते सुतकात. "जित्या मानसाच्या ताटात सुतकाचं अन्न वाढू काय वं?" म्हणून ती चुलीपुढे रडली. मी तेव्हाच ओळखलं, ही बाई चोरून मीठ घालणार.

झालं! मिठाचं मडकं मी माझ्या ट्रंकेत ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. बाबांचं वरण आधी मी चाखायची. माय ताट घेऊन गेली की मी दाराआड उभी राहायची. ती आंघोळीला गेली तेव्हा तिच्या लुगड्याच्या पदराची गाठसुद्धा सोडून पाहिली. सुपारी निघाली. लाज वाटली? छे! मला वाटलं, दुसरीकडे लपवत असेल.

कारण सूज उतरत नव्हती. पंधरा दिवसांत गुडघ्याच्या वर गेली. बाबांना आडवं होता येईना, दम लागायचा. त्यात अळणी जेवणानं पोट फुगायचं, करपट ढेकर यायचे. म्हणून जेवण झालं की मी चमचाभर खायचा सोडा पाण्यात ढवळून द्यायची, दिवसातून तीनदा. "तुह्याच हातानं बरं वाटते, बाई," बाबा म्हणायचे. मला तेवढाच धीर.

शेवटी पुन्हा सर्व्हिस मोटारीनं मंगरूळपीर. दवाखान्यात दहा माणसांसमोर मी सांगून टाकलं, "माझी आई यांना चोरून मीठ देते." माय खाली मान घालून बसली. मला वाटलं, बघा, सापडली!

"आणखी काय घेतात?" डॉक्टरांनी विचारलं. मी सोड्याचं सांगितलं, जरा ऐटीतच.

"अहो, मिठात जे सोडियम तेच सोड्यात! खारट लागत नाही म्हणून काय झालं? तेच अंगात पाणी धरून ठेवतं. आजपासून सोडा बंद."

पुढे सूज उतरली, बाबा बरीच वर्षं जगले. पण त्या घडीला ते कोणाला ठाऊक! माझ्याच हातानं मी बाबांना मारत होते.

डॉक्टरांचं ते सोडियम मायला उमगलं नव्हतं. बाहेर मोटारीपाशी तिनं विचारलं, "काय म्हनले डाक्टर?"

"सोड्यानं सूज वाढली म्हणाले."

"मिठानं नाई?"

"नाही."

"मंग जा. त्याईले सांग, मायनं मीठ नाई देल्लं."

"मोटार सुटून राह्यली, माय. आता कायले?"

ती जागची हलली नाही.

मी गेले, रांगेत घुसून सांगितलं. डॉक्टर दुसऱ्याच कोणाची छाती तपासत होते. "कोणतं मीठ?" म्हणाले.

परत आले तर मोटार गेलेली. बाबांना खांद्याचा टेकू देऊन माय निंबाखाली बसली होती.

"काय म्हनले?"

"म्हणाले, गैरसमज झाला."

"त्याईचा काहून होईन?" माय म्हणाली. "तुहा झाला. तुहा म्हन."

बाबा माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "माझा झाला, माय."