शेजारच्या खाटेचा हेवा

मला शेजारच्या खाटेचा हेवा वाटायचा, आणि ते सांगायची मला लाज नाही. पुण्याच्या इस्पितळात माझा थोरला भाऊ पडून होता. पिंपरीच्या कारखान्यात लोखंडी पेटी पडून पाय मोडला, मग त्याच पायात रक्ताची गाठ झाली. शेजारी त्याच कारखान्यातला हेडक्लार्क. पायात गाठ त्यालाही, रक्त पातळ करणारी गोळीही तीच. पण सकाळी सुई घेऊन माणूस यायचा तो फक्त क्लार्ककडे. त्याचं रक्त तपासून मग डॉक्टर त्याची गोळी कमी-जास्त करायचे. केवढी ती बडदास्त! मी जळायचो नुसता.

"आपलं का नाही घेत?" मी भावाला विचारलं.

"मीच न्हाई म्हनलो. बाबू लोकांच्या अंगात रगत लई असतं. काढू दे की त्याचं."

वहिनीही त्याच्याच बाजूची. "व्हय भावजी, आधीच पातळ करत्यात, वर काढून बी घ्यायचं? माणूस उरंल का?"

आमच्या दापोडीच्या चाळीत रक्त म्हणजे ताकद. गेलं की गेलं. हे नर्सबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या "नको तर नको" म्हणाल्या, आणि गोळी तेवढी चालू ठेवली.

पुढं भावाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्यानं मिश्रीला शिव्या घातल्या. "नवी पुडी लई जहाल हाय." मग एका सकाळी लघवी लाल झाली आणि त्याला उठून बसवेना. मी धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं.

"तुमच्या माणसानं तपासणी नाकारली. गोळीनं रक्त फार पातळ झालं, ते आम्हाला कळणार कसं?" ते म्हणाले.

"मग तुम्ही गोळी का नाही थांबवलीत?"

ते तरातरा भावाच्या खाटेकडे निघाले. गोळी बंद झाली, इंजेक्शन दिलं, बाटलीनं रक्त चढवलं. भाऊ वाचला, पण अगदी थोडक्यात. स्वातंत्र्य येऊन एवढी वर्षं झाली, तरी कामगाराला सुई कशासाठी टोचतात हे त्याला समजेल असं सांगायला कुणाला सवड नाही. तपासणी नाही तर गोळी नाही, एवढा साधा नियम करायला कुणाचं काय जातं?

क्लार्क त्याच आठवड्यात चालत घरी गेला. जाताना "लवकर बरे व्हा, राव," म्हणाला. माणूस चांगला होता. भावाला उशीवरून मानही उचलता येत नव्हती. मी त्या पाठमोऱ्या माणसाच्या धड पायांकडे बघत राहिलो, आणि माझा हेवा काही कमी झाला नाही.